बोनसचे पंधरा हजार आणि टेबलावरची खेळणी

पत्र:

ताई, मी ४४ वर्षांची आहे. पुण्यात खराडीला एका खासगी कंपनीत अकाउंट्समध्ये काम करते. आठवड्यातले तीन दिवस ऑफिस, दोन दिवस धायरीच्या घरून काम. दिवाळीच्या बोनसमधले १५,००० रुपये यंदा मी फक्त स्वतःसाठी बाजूला काढलेत. ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलाचं टेबल म्हणजे प्रदर्शन आहे. टकटक वाजणारा रंगीत दिव्यांचा कीबोर्ड, चहा गरम ठेवणारी चकती, यूएसबीचा पंखा, स्क्रीनच्या डोक्यावर बसणारा दिवा, उभा माउस. खरं सांगते, मलाही हे सगळं हवंसं वाटतं. मिस्टर म्हणतात, ही खेळणी आहेत, एफडी कर. लेक इंजिनिअरिंगला आहे, ती म्हणते, आई, बाकी काही नको, मेकॅनिकल कीबोर्ड घे. माझी अडचण अशी की लॅपटॉपवर वाकून मान दुखते, त्यात सहा महिन्यांपूर्वी प्रोग्रेसिव्ह चष्मा लागला. घरी कॉल चालू असला की कुकरच्या शिट्ट्या थेट साहेबांना ऐकू जातात. गुरुवारी वीज गेली की नेट बंद. यात काय घेऊ? मजाही हवी आणि पैसे वाया गेले असंही वाटायला नको.

ता. क. त्याच मुलाने माउस आपोआप हलवत ठेवणारं एक यंत्र आणलंय. तुमच्यासाठीही मागवू का, असं विचारतो. घ्यावं का?

— एक वाचक, धायरी

उत्तर:

मिस्टरांचं अर्धं बरोबर आहे आणि लेकीचं जवळजवळ पूर्ण. ती खेळणी आहेतच. पण दिवसाचे आठ तास ज्या टेबलाशी जातात त्यावर एखादं खेळणं असलं तर बिघडलं कुठे? आणि बाजूला काढलेले पैसे तुमचे आहेत, त्यामुळे एफडीचा विषय इथेच मिटवू.

शेजारच्या मुलाची यादी जशीच्या तशी उचलू नका एवढंच. ती त्याच्या कामाची यादी आहे. तुमचं काम आकड्यांचं. दिवसभर व्हाउचर, लेजर, एक्सेल, महिनाअखेरीला त्याच्या दुप्पट. म्हणजे तुमचे हात दिवसात सगळ्यात जास्त वेळा कशाला लागत असतील तर कीबोर्डच्या बटणांना, त्यातही आकड्यांच्या. आधी मानेचं बघू, कारण तिथूनच आपण कीबोर्डवर येणार आहोत.

लॅपटॉपची रचनाच मानेच्या मुळावर उठलेली आहे. स्क्रीन आणि बटणं एकाच बिजागरीला जोडलेली असल्यामुळे हात सोयीत ठेवले तर मान खाली जाते, आणि स्क्रीन वर उचलला तर हात हवेत लटकतात. म्हणून लोक लॅपटॉप स्टँड घेतात, त्यावर लॅपटॉप चढवतात आणि मग त्याच उंच लॅपटॉपची बटणं बडवत बसतात. मानेचं दुखणं खांद्यात उतरतं आणि ‘स्टँड काही कामाचा नाही’ म्हणून तो माळ्यावर जातो. स्टँड कामाचाच असतो. तो एकटा घ्यायची वस्तू नाही, एवढं जाहिरातीत लिहिलेलं नसतं. स्टँड घेतला की वेगळा कीबोर्ड आणि वेगळा माउस घ्यावाच लागतो. तर तुमच्या लेकीने सुचवलेलं खेळणं हे तुमच्या मानेच्या औषधाचा दुसरा भाग आहे. मिस्टरांना असंच सांगा.

आता चष्म्याचं. सगळीकडे एकच सल्ला वाचायला मिळतो: स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणा. एका नंबरचा चष्मा असलेल्यांना तो लागू पडतो. प्रोग्रेसिव्ह चष्म्यात लांबचं वरच्या भागातून, जवळचं खालच्या भागातून आणि स्क्रीनच्या अंतराचं मधल्या अरुंद पट्ट्यातून दिसतं. स्क्रीन डोळ्यांच्या रेषेत आणला की अक्षरं स्पष्ट दिसावीत म्हणून तुम्ही नकळत हनुवटी वर करणार, मान मागे टाकणार आणि दिवसभर तशाच बसणार. दुखणं जाणार नाही, फक्त त्याचं कारण बदलेल. तुमच्यासाठी स्क्रीन त्या नेहमीच्या सल्ल्यापेक्षा थोडा खाली आणि किंचित मागे कललेला हवा. किती खाली, ते प्रत्येकाच्या चष्म्यावर आहे.

म्हणून स्टँड मागवण्याआधी ऑफिसात एक प्रयोग करा. प्रिंटरजवळ ए-फोर कागदाची न फोडलेली रिमं असतात. पाचशे पानांचं एक रिम साधारण पाच सेंटिमीटर जाड भरतं. लॅपटॉपखाली एक रिम ठेवा, ऑफिसचा साधा कीबोर्ड जोडा आणि तासभर काम करा. मग दोन रिमं ठेवून बघा. हनुवटी आपोआप वर जायला लागली की समजायचं, उंची जास्त झाली. जी उंची बरी वाटेल ती पट्टीने मोजा आणि तेवढ्यावर स्थिर राहणारा, उंची कमीजास्त करता येणारा स्टँड घ्या. धातूचा घडीचा स्टँड हजार रुपयांच्या आसपास मिळतो. त्याहून महाग घ्यायचं कारण नाही.

चष्म्याच्या दुकानात आणखी एक वस्तू मिळते. कुणी तिला गॅजेट म्हणणार नाही, पण तुमच्या यादीत मी ती वरच्या नंबरला ठेवीन: फक्त कॉम्प्युटरच्या अंतराचा वेगळा चष्मा. तुमच्या डोळ्यांपासून स्क्रीनपर्यंतचं अंतर मोजून न्या, बहुतेक साठ-सत्तर सेंटिमीटर निघेल, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगा की या अंतरासाठी नंबर काढून द्या. अख्खा स्क्रीन एकाच काचेतून स्वच्छ दिसतो, मान हलवून अक्षरं शोधावी लागत नाहीत. साधी फ्रेम घेतली तर दीड-दोन हजारांत होतो. दुकानदार लगेच निळा प्रकाश अडवणारं कोटिंग सुचवेल. नको म्हणा. २०२३ मध्ये कोक्रेन या संस्थेने तोवरच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला, त्यात अशा काचांमुळे डोळ्यांचा थकवा कमी होतो असं काही दिसलं नाही. स्क्रीनकडे बघताना आपण पापण्या कमी वेळा मिटतो, म्हणून डोळे कोरडे पडतात. दर वीस मिनिटांनी खिडकीबाहेर लांब नजर टाकणं हा त्यावरचा उपाय, आणि तो फुकट आहे.

आता कीबोर्ड. इथे जरा रेंगाळू, कारण सगळ्यात जास्त पैसे यात जाणार आहेत आणि मजाही यातच आहे.

ऑफिसात मिळतो त्या साध्या कीबोर्डात बटणांखाली रबराची एकच चादर असते. बटण तळापर्यंत दाबलं तरच अक्षर उमटतं आणि कालांतराने ते रबर सैल पडतं. मेकॅनिकल कीबोर्डात प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्प्रिंग आणि स्विच असतो. चेरी या जर्मन कंपनीच्या एमएक्स स्विचमुळे हा प्रकार रूढ झाला. बटणाचा एकूण प्रवास चार मिलिमीटरचा, पण अक्षर साधारण दोन मिलिमीटरवरच उमटतं. हात सरावला की बटण आपटावं लागत नाही. पुढे चेरीचं पेटंट संपलं, गॅटेरॉन, आउटेमूसारख्या चिनी कंपन्यांनी तसेच स्विच काढले आणि पूर्वी चैन वाटणारी ही वस्तू तीन हजारांच्या घरात आली.

स्विच रंगाने ओळखतात. निळा म्हणजे दाबताना जाणवणारा आणि कट्कन वाजणारा. ब्राउन म्हणजे बोटाला बारीकसा टप्पा जाणवतो, पण वेगळा आवाज नाही. लाल म्हणजे सरळ गुळगुळीत खाली जाणारा. शेजारच्या मुलाचा बहुतेक निळा असणार, तुमच्या पत्रातल्या ‘टकटक’वरून सांगते. मोकळ्या हॉलमध्ये निळा स्विच आणणाऱ्याबद्दल आसपासचे लोक काय बोलतात ते त्याच्या कानावर जात नाही, कारण त्याच्या कानात हेडफोन असतो. तुम्ही ब्राउन घ्या. आकडे टाकताना बोटाला ‘लागलं’ हे कळतं, त्यामुळे एखादं शून्य कमीजास्त होण्याची धास्ती कमी होते.

आकाराकडे नीट बघा. दिसायला गोड आणि स्वस्त असतात ते छोटे कीबोर्ड, पण त्यांना उजवीकडचा आकड्यांचा पट्टा नसतो. अकाउंट्सच्या माणसाने तसला घेतला तर चार दिवसांत परत करावा लागेल. पूर्ण आकाराचा घेतला तर आकडे मिळतात, पण माउस पार उजवीकडे ढकलला जातो आणि खांदा दिवसभर ताणलेला राहतो. यावर ‘शहाण्णव टक्के’ म्हणून ओळखली जाणारी मांडणी आहे. तिच्यात आकड्यांचा पट्टा असतो, पण मधल्या मोकळ्या जागा काढून सगळं जवळ आणलेलं असतं. तुमच्यासाठी हीच. तीन ते साडेतीन हजारांत चांगला मिळेल, आणि त्यात दिवे असतात. जांभळा रंग हवा असेल तर खुशाल लावा.

मेकॅनिकल कीबोर्ड उंच असतो, म्हणून मागचे पाय उघडू नका. ते उघडले की मनगट वरच्या बाजूला मुडपतं. पाय मिटलेलेच ठेवा, आणि तळहाताखाली पातळ टॉवेलची गुंडाळी चालते.

घरी तुम्ही जेवणाच्या टेबलावर काम करत असाल, असं धरून चालते. ही टेबलं साधारण पंचाहत्तर सेंटिमीटर उंच असतात, म्हणजे बेताच्या उंचीच्या बाईला टायपिंगसाठी जास्तच. कोपर टेबलाच्या पातळीला येण्यासाठी खुर्ची वर घ्यावी लागते, नाहीतर बुडाखाली उशी, आणि मग पाय अधांतरी राहतात. फूटरेस्ट म्हणून ऑनलाइन हजार-दीड हजाराला विकतात ते मागवू नका. देवघराजवळचा जुना पाट पायाखाली घ्या. पाट पायाखाली घेणं सासूबाईंना रुचणार नसेल तर कागदाचं एखादं रिमही चालेल.

हा कीबोर्ड घरीच राहू द्या. किलोभर वजनाचं धूड खराडीपर्यंत वाहायचं नाही. ऑफिसात अॅडमिनकडे साधा वायरचा कीबोर्ड मागा, स्टोअरमध्ये पडलेले असतात. लॅपटॉपला आकड्यांचा पट्टाच नसेल आणि कीबोर्डही मिळत नसेल तर नुसता यूएसबी नंबर पॅड चारपाचशे रुपयांना मिळतो. तो माउसच्या आड येत असेल तर डाव्या हाताला ठेवून बघा. सवय व्हायला आठवडा लागतो, पण एका हाताने आकडे आणि दुसऱ्याने माउस असं काम सुरू झालं की मागे जावंसं वाटत नाही.

आणि टॅलीवर काम करत असाल तर एक गोष्ट आत्ताच करून टाका. पेमेंटला एफ-५, रिसीटला एफ-६, जर्नलला एफ-७ दाबायला गेलं की लॅपटॉपवर कधी आवाज कमी होतो, कधी उजेड वाढतो, आणि प्रत्येक वेळी सोबत एफ-एन दाबून धरावं लागतं. बऱ्याच लॅपटॉपवर एफ-एन आणि एस्केप एकदा एकत्र दाबलं की एफची बटणं कायमची सरळ चालू लागतात. एस्केपवर छोटं कुलूप छापलेलं असेल तर तुमच्या लॅपटॉपवर ही सोय आहे.

कुकरच्या शिट्टीकडे वळते. हेडफोनच्या खोक्यावर दोन शब्द असतात आणि दुकानदार दोन्ही ‘नॉइज कॅन्सलेशन’ म्हणून खपवतो. एएनसी म्हणजे बाहेरचा आवाज तुमच्या कानात कमी करणं. ईएनसी म्हणजे तुमच्या माइकमधून समोरच्याला जाणारा आसपासचा आवाज कमी करणं. साहेबांना शिट्टी ऐकू जाते, म्हणजे तुमचं दुखणं दुसऱ्या प्रकारचं आहे. पाच हजारांचा एएनसी हेडफोन घेतलात तर साहेबांना शिट्टी तेवढीच ऐकू जाईल.

एएनसीची मर्यादाही समजून घ्या. बाहेरच्या आवाजाची लाट माइकने पकडायची आणि तिच्या नेमकी उलटी लाट कानात सोडायची, की दोन्ही एकमेकींना खातात, असं हे तंत्र. बोस ही ऑडिओ कंपनी काढणारे अमर बोस १९७८ साली झुरिकहून बॉस्टनला विमानाने जात असताना त्यांना इंजिनाच्या घरघरीवर हा उपाय सुचला, आणि आजही त्याची हुकमत त्याच जातीच्या आवाजावर आहे: सलग, खालच्या पट्टीतला. एसी, पंखा, बसचं इंजिन. अचानक येणारी उंच शिट्टी किंवा शेजारच्या टेबलावरच्या गप्पा यावर त्याचा जोर कमी पडतो. तिथे कान नीट झाकणारी गादी किंवा कानात घट्ट बसणारं रबर जास्त काम करतं.

तुमच्यासाठी वस्तू दिसायला अगदी रटाळ आहे: वायरचा यूएसबी हेडसेट, तोंडापुढे दांडीवर माइक येणारा, कॉल सेंटरवाले लावतात तसला. माइक ओठांपासून दोन बोटांवर आला की तुमचा आवाज मोठा जातो आणि स्वयंपाकघर मागे पडतं. अंतराचं हे गणित कोणत्याही चिपला जमत नाही. दोन-अडीच हजारांत येतो. शिवाय कानात घालायचे ब्लूटूथ इअरबड लॅपटॉपला जोडून त्यांचाच माइक वापरला की ब्लूटूथला आवाज दोन्ही दिशांनी न्यावा लागतो, मग दर्जा घसरतो आणि सगळे डब्यातून बोलल्यासारखे वाटतात. वायरला ती भानगड नाही, आणि ऐन रिव्ह्यूमध्ये चार्जिंगही संपत नाही. कॉल टीम्सवर असतील तर सेटिंगमध्ये आवाज दाबण्याची सोय आहे, ती चढी करून ठेवा. आणि वरण-भाताचा कुकर कॉलच्या आधी उतरवता आला तर बघा, हे घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी सांगायचं काम आहे.

गुरुवारची वीज. पुण्यात राहून गुरुवारच्या देखभाल-दुरुस्तीचा मेसेज आला नाही असा माणूस विरळा. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, उपाशी राहतो तो राउटर. त्यासाठी मिनी यूपीएस मिळतो, जेवणाच्या डब्याएवढा. एक पिन भिंतीत, दुसरी राउटरमध्ये. वीज गेली की राउटरला कळतही नाही. हजार ते अठराशे रुपयांत साधारण तीन-चार तासांची सोय होते. माझ्या मते घरून काम करणाऱ्या मराठी माणसासाठी यापेक्षा उपयोगी वस्तू बाजारात नाही. दिवे-बिवे नसल्यामुळे तिची रील कुणी करत नाही.

मागवण्याआधी राउटरच्या अॅडॉप्टरवरचं बारीक अक्षर वाचा. ‘आउटपुट’ पुढे बारा व्होल्ट आणि एक, दीड किंवा दोन अँपिअर असं काहीतरी असेल. व्होल्टचा आकडा तंतोतंत जुळायलाच हवा, अँपिअरचा यूपीएसवर तेवढा किंवा जास्त. नऊ व्होल्टच्या राउटरला बारा व्होल्टचा यूपीएस जोडला तर राउटर जळू शकतो. फायबरचा डबा आणि वायफायचा राउटर असे दोन वेगळे खोके असतील तर दोन्हींना वीज लागणार, म्हणजे दोन तोंडांचा यूपीएस बघा. आणि सगळ्यात आधी, सोसायटीत ज्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे आणि नेट तुमच्याच कंपनीचं आहे, त्यांना विचारा की वीज गेल्यावर त्यांचं नेट चालतं का. काही ठिकाणी केबलवाल्याचा, घराघरात नेट वाटून देणारा स्विच जिन्यातल्या डब्यात असतो आणि तोच विजेवर चालतो. तो बंद पडत असेल तर तुमच्या घरातला यूपीएस काहीही करू शकत नाही. मग ते पैसे वाचवा आणि फोनच्या हॉटस्पॉटवर भागवा.

शेजारच्या टेबलावरच्या बाकी वस्तू. चहाच्या चकतीचा हिशोब तुम्हाला आवडेल, म्हणून मांडते. लॅपटॉपचं जुन्या पद्धतीचं यूएसबी पोर्ट पाच व्होल्ट आणि अर्धा अँपिअर देतं, म्हणजे अडीच वॅट. दीडशे मिली चहा एक अंशाने तापवायला साधारण ६३० ज्यूल लागतात. अडीच वॅटने तेवढी उष्णता द्यायला चार मिनिटांहून जास्त वेळ जातो, तेही थेंबभर उष्णता बाहेर गेली नाही असं धरून. एसीच्या हवेत चहा त्याहून भराभर निवतो. म्हणजे ती चकती जळते आणि चहा गार होतो. भिंतीतल्या सॉकेटवर चालणारी चकती चहा कोमट ठेवते, पण ऑफिसात तापणाऱ्या वस्तूंना अॅडमिन हरकत घेऊ शकतं, डबा गरम करणाऱ्या इलेक्ट्रिक टिफिनलाही. झाकणाचा स्टीलचा मग घ्या, तीनशे-चारशे रुपयांत प्रश्न मिटतो.

पंखा मजेचा आहे, घ्या वाटलं तर. स्क्रीनवरचा दिवा मात्र हुशार वस्तू आहे. त्याचा उजेड तिरका पुढे कीबोर्डवर आणि कागदांवर पडतो, स्क्रीनवर चमक येत नाही. पण तो मॉनिटरच्या जाड कडेवर बसतो, लॅपटॉपच्या पातळ झाकणावर नाही. त्यामुळे घरी मॉनिटर येईपर्यंत त्याचा विचार नको. उभा माउस मनगट दुखणाऱ्यांसाठी बरा, हात हस्तांदोलनाच्या स्थितीत राहतो. तुमची तक्रार मनगटाची नाही, तेव्हा साधा माउस पुरे. तो वायरलेस असेल तर त्याचा डोंगल, म्हणजे लॅपटॉपला लावायचा चिमुकला तुकडा, निळ्या यूएसबी पोर्टमध्ये हार्ड डिस्कच्या शेजारी लावू नका. यूएसबी ३ चा गोंगाट आणि माउसची लहर दोन्ही २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास असतात, त्यामुळे बाण अडखळत चालतो आणि लोक माउसला दोष देतात. दुसऱ्या बाजूच्या पोर्टात लावा.

निव्वळ मौजेसाठी माझ्याकडून एक सुचवणी: एलसीडी लिहिण्याची पाटी. ओहायोतल्या केंट डिस्प्लेज कंपनीने २०१० मध्ये बूगी बोर्ड नावाने ती पहिल्यांदा आणली, आता स्टेशनरीच्या दुकानात दोन-तीनशे रुपयांना मिळते. टोकदार काहीही टेकवून लिहा, बटण दाबलं की सगळं पुसतं. वीज फक्त पुसायला लागते. कॉलवर कुणी एखादा इनव्हॉइस नंबर सांगितला, फोनवर कुणी रक्कम सांगितली, की पाटीवर टिपायची. लिहिलेलं साठवता येत नाही, हाच गुण समजा. ज्याची नोंद ठेवायची ते वहीत जातं, बाकीचं पुसलं जातं. टेबलावर पिवळ्या चिठ्ठ्यांची रांग असेल तर ती तरी संपेल.

आता बेरीज. स्टँड १,०००, कीबोर्ड ३,५००, माउस ७००, कॉम्प्युटरचा चष्मा २,०००, हेडसेट २,३००, मिनी यूपीएस १,५००, पाटी ३००, मग ४००. एकूण ११,७००. उरलेले ३,३०० लगेच खर्च करायची घाई नको. महिनाभर या वस्तू वापरा, मग जे खुपत असेल त्याला ते पैसे लावा. पंखा आवडला असेल तर पंखा. सगळं एकाच दिवशी मागवू नका, परत करण्याची मुदत थोड्या दिवसांची असते आणि एका वेळी एकच वस्तू नीट पारखून होते. कंपनीच्या लॅपटॉपला घरचं काही जोडण्याआधी आयटीवाल्यांना एक ओळीचा मेल टाका. कीबोर्ड, माउस, हेडसेटला सहसा ना नसते, पण उत्तर लेखी असलेलं बरं.

आणि तुमचा ता. क. माउस हलवणारं यंत्र घेऊ नका, भेट म्हणून आलं तरी नको. अमेरिकेत वेल्स फार्गो बँकेने २०२४ मध्ये डझनाहून जास्त कर्मचाऱ्यांना कामावरून काढलं, कीबोर्ड चालू असल्याचा खोटा देखावा केला म्हणून. नोकरीची भीती बाजूला ठेवली तरी अकाउंट्समध्ये त्याचं वेगळंच अडतं. तुम्ही उठून गेलात की थोड्या वेळाने स्क्रीन आपोआप बंद होऊन पासवर्ड मागतो, ही सोय ते यंत्र मोडून टाकतं. तुम्ही कँटीनमध्ये आणि टेबलावर पगाराची शीट किंवा व्हेंडरच्या पेमेंटची यादी उघडी, येणाऱ्या-जाणाऱ्या कुणालाही वाचता येईल अशी. त्या मुलाला सरळ नको म्हणा. त्याने विचारलंच का, तर पगाराची शीट असते म्हणून, एवढं कारण त्याला पटण्यासारखं आहे.